चौतीस लिहायचे नसतात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई जाण्याआधी तीन महिने मी तिच्या उशाशी बसून होते, तेव्हा तिलाही नाही — खरं तर तेव्हा काहीच हरकत नव्हती, तिला ऐकू येणं बंद झालं होतं. तरी जीभ उचलली नाही. आता तुम्हाला सांगते आहे, पण एक आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही. आणि मध्येच तुम्ही "अहो, चालायचंच, होतं असं" म्हणालात, तर मी तिथेच थांबेन. होत नसतं असं. कुणीतरी करतं, तेव्हा होतं.

मी विज्ञान शिकवायचे. अंबरनाथला, बुवापाड्यापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका मराठी शाळेत. लग्नाआधी राहायला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये होते, लग्नानंतर बदलापूरला गेले, पण शाळा तीच राहिली. तिचं नाव सांगणार नाही. शाळेच्या नावामागे लपायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तुम्हाला मार्क कसे तयार होतात ते ठाऊक आहे का? तुम्हाला वाटतं, मुलं मार्क मिळवतात. मलाही शिकत होते तोवर तसंच वाटायचं. टेबलाच्या पलीकडे गेल्यावर कळलं की मार्क बनवतात — पोळीसारखे, लाटून, कडा सारख्या करून.

नववीला विज्ञानाचे वर्षभरात दोनशे मार्क असायचे. दोन सत्रं, प्रत्येक सत्रात लेखी ऐंशी आणि प्रात्यक्षिक वीस. दोन्ही सत्रांची बेरीज करायची, दोनाने भागायचं, की शंभरपैकी एक आकडा निघतो. अर्धा आला तर पुढचा पूर्ण धरायचा. प्रगतिपुस्तकावर फक्त तो शेवटचा आकडा जायचा. त्यात लेखीचे किती, हाताने केलेल्या कामाचे किती, हे घरी कुणाला कळायचं नाही. पस्तीसला पास.

पस्तीसच का? हे मी आमच्या मुख्याध्यापकांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बोर्डाचं आहे म्हणून." बोर्डाला कुणी सांगितलं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. चौतीसवाल्याला जे येत नाही आणि पस्तीसवाल्याला येतं, असं काहीतरी असेल ना? मला एवढ्या वर्षांत सापडलं नाही. आणि ऐंशी मार्क व्याख्येला, वीस हाताला — हेही कुणी ठरवलं? ज्याला हातानं काही येत नाही अशा कुणीतरी ठरवलं असणार, एवढंच मी सांगू शकते.

तर लेखीचे मार्क शाईने लिहायचे आणि प्रात्यक्षिकाचे पेन्सिलीने. का, तर ते शेवटी ठरायचे. आधी बेरीज करून पोरगं कुठे पडतंय ते बघायचं, मग मागे येऊन पेन्सिलीचा आकडा नीट करायचा, मग त्यावर शाई फिरवायची. मला हे पहिल्याच एप्रिलमध्ये पाटकर सरांनी शिकवलं. ते गणिताचे, आणि परीक्षा विभाग त्यांच्याकडे होता. माझ्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, चौतीस लिहायचे नसतात. तेहतीससुद्धा नाही. ते पस्तीस करून टाका, नाहीतर खाली ओढा. चौतीस म्हणजे पोराचा नाही, मास्तरचा आळस."

खाली म्हणजे कुठे, तर त्याचीही रीत होती. तीसपासून पुढचे आणि पस्तीसच्या आतले जे कुणी उरतील, त्यांची एक यादी व्हायची. तिला आम्ही 'काठावरचे' म्हणायचो. निकालाच्या मीटिंगमध्ये ती मोठ्याने वाचली जायची. नाव आलं की सगळे त्या विषयाच्या शिक्षकाकडे बघायचे, आणि तो "द्या" म्हणायचा किंवा "राहू द्या" म्हणायचा. एकोणतीस आणि त्याखालचे मात्र वाचायचेच नाहीत. त्यांची चर्चा नसायची. शिवाय मुख्याध्यापकांना नववीत थोडे गाळायचे असायचेच — "दहावीचा निकाल नववीत लागतो" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

आता तुम्हाला वाटत असेल, ही बाई मार्क वाढवल्याचं कबूल करते आहे. अजिबात नाही. वाढवले मी, दरवर्षी वाढवले, आणि कुणी चौकशी लावली असती तर तोंडावर सांगितलं असतं. ज्या पोरी सकाळी पाणी भरून, भावंडांना न्हाऊ घालून, दोन मैल चालत येऊन बाकावर डुलक्या घ्यायच्या, त्यांना एक मार्क देताना मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. त्याची लाज मला आजही नाही.

लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. तिच्याकडे जायला थोडा वळसा घ्यावा लागेल. वळसा आहे, पळवाट नाही — असं मी स्वतःला तरी सांगते.

माझे वडील सरकारी कारखान्यात फिटर होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते विशीतले होते, रत्नागिरीकडून नुकतेच इकडे आलेले. त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. शर्टाला इस्त्री, बुटाला पॉलिश, आणि भोंग्याआधी दहा मिनिटं गेटवर. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढे आणले नाहीत. समोर बसवलं आणि म्हणाले, "बाय, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नको. दुसऱ्याची चूक झाली तर त्याची एकट्याची. आपली झाली की सगळ्यांची."

माझी नेमणूक राखीव जागेवर झाली होती. बी.एस्सी.ला मला फर्स्ट क्लास होता, तो स्टाफरूममध्ये दोघांनी मुद्दाम विचारून घेतला आणि ऐकून "अरे वा" म्हणाले. त्या 'वा'चा अर्थ तुम्हाला समजला तर समजला, नाही तर मी समजावणार नाही.

तिसऱ्या वर्षी मी चार मुलांचे मार्क वर ओढले. रीतीप्रमाणेच, तेहतीस-चौतीसचे पस्तीस. त्यातला एक मुलगा आमच्यातला होता. बाकी तिघं नव्हते. पाटकर सरांनी तक्ता जुळवला, सही केली, आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर, अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडमनी आपल्या माणसाकडे बरोबर लक्ष दिलेलं दिसतंय."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, नेहमीसारखे हसले. मीही हसले. चौघांपैकी त्यांना एकच दिसला होता. पाटकर सर स्वतः दरवर्षी त्यांच्या शेजारच्या एका मुलाला वर घ्यायचे आणि उघड सांगायचे, "आमच्या आळीतला आहे हो, जाऊ द्या पुढे." त्यांच्या आळीतला तो आळीतला. माझ्या वस्तीतला तो मात्र जातीतला. हे मी त्या दिवशी बोलले असते तर? चहाचा कप धुऊन ठेवला आणि तासाला गेले. पण त्या दिवसानंतर तक्त्यावर आमच्यातलं आडनाव आलं की माझी पेन्सिल थांबायला लागली.

छाया गमरे त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या वर्गात होती. नववी ब. बुवापाड्यात राहायची. वडील मोरिवलीला रंगाच्या कंपनीत, त्यामुळे त्यांची नखं कायम कुठल्यातरी रंगाची असायची — पालकसभेला आले की हात मागे बांधून उभे राहायचे. छाया आमच्यातली होती हे मला आडनावावरून कळलं होतं, आणि माझं तिला बहुतेक पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती मला वर्गाबाहेर दिसली की हळूच "जय भीम, मॅडम" म्हणायची. मी मान हलवायचे. मान हलवताना आजूबाजूला कोण आहे ते बघायचे. हेही कबूल करून टाकते, मोठ्या गोष्टीच्या सोबत लहान निघून जाईल.

लिहिण्यात ती कच्ची होती. अक्षर मोठं, वेग कमी, व्याख्या पाठ व्हायच्या नाहीत. पण हात! दुसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकात मी तीन बाटल्या ठेवल्या होत्या, चिठ्ठी न लावलेल्या. आम्ल कुठलं, आम्लारी कुठलं आणि साधं पाणी कुठलं, ते लिटमस कागदाने ओळखायचं. आमच्या शाळेत लिटमस कागद केशरासारखा जपून वापरायचा, तरी छायाचा नंबर येईपर्यंत तो संपला. आधीच्या वर्षांत असं झालं की मुलं अंदाजाने ठोकून द्यायची आणि आम्ही अंदाजानेच मार्क द्यायचो. छाया मात्र खिडकीशी गेली, बाहेरच्या जास्वंदीकडे बघून म्हणाली, "मॅडम, एक फूल तोडू?"

फुलं तोडू नयेत अशी पाटी होती. मी म्हटलं, तोड.

तिने वहीचं कोरं पान फाडलं, त्यावर फूल चोळलं. जांभळट डाग पडला. एका बाटलीतला थेंब टाकला, तो लाल-गुलाबी झाला. दुसऱ्यातला टाकला, हिरवा झाला. तिसऱ्याने काहीच झालं नाही. तिन्ही बाटल्या बरोबर. "कुणी शिकवलं?" मी विचारलं. म्हणाली, "बाबांनी. कंपनीत रंग कसा फिरतो ते घरी दाखवतात." मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलं, सतरा. अठरा कुणालाच द्यायचे नाहीत अशी आमची रीत होती, म्हणून सतरा.

आता बेरीज करू या. टाळण्यात अर्थ नाही.

पहिल्या सत्रात लेखी सोळा, प्रात्यक्षिक सोळा. दुसऱ्या सत्रात लेखी एकोणीस, प्रात्यक्षिक सतरा. सगळे मिळून अडुसष्ट. भागिले दोन — चौतीस.

दोनशेत एक मार्क हवा होता. एकोणसत्तर झाले की साडेचौतीस, साडेचौतीस झाले की पस्तीस. आणि तो एक मार्क कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. लेखी पेपरात 'लिटमस म्हणजे काय?' याला तिने लिहिलं होतं, 'लिटमस म्हणजे आंबट ओळखायचा कागद.' मी त्याला दोनपैकी शून्य दिला होता, कारण पुस्तकात तसं वाक्य नव्हतं. एक मार्क तिचा हक्काचाच होता. वाढवायचीही गरज नव्हती, फक्त परत करायचा होता.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपार. प्रयोगशाळेत मी एकटीच, समोर तक्ता. सगळ्यांचे झाले होते. त्या वर्षीही मी पाच जणांना वर घेतलं होतं, आणि ते पाचही — हे लक्षात ठेवा — दुसऱ्या कुणाचे तरी होते. छायापाशी येऊन मी थांबले.

पस्तीस केले तर पाटकर सर जुळवताना बघणार. पुन्हा चहा, पुन्हा ते गोड वाक्य. चौतीस ठेवले तर नाव काठावरच्या यादीत जाणार, मोठ्याने वाचलं जाणार, "गमरे, छाया" — आणि सगळे माझ्याकडे बघणार. मी "द्या" म्हणाले तर आपल्या माणसाला दिले. "राहू द्या" म्हणाले तर? तर मला ते तिच्या नावासमोर तोंडाने म्हणावं लागणार. दोन्हीकडून माझंच नाव तिच्या नावाला चिकटणार होतं.

मग मी काय केलं? वर्गात एका मुलीकडून जप्त केलेला गुलाबी, वासाचा खोडरबर ड्रॉवरमध्ये होता. तो काढला आणि सतरामधला एक खोडला. साताला हातही लावावा लागला नाही. अडुसष्टचे अठ्ठावन्न झाले. भागिले दोन — एकोणतीस.

काठाच्या खाली. यादीत नाही, वाचलं जाणार नाही, कुणी विचारणार नाही. मग वर शाई फिरवली, पेन खाली ठेवलं आणि बोटांना खोडरबरचा वास येत होता म्हणून हात धुतले. मला हायसं वाटलं. होय, हायसं. वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू? त्या संध्याकाळी मी कॅम्प पाचला परतताना आईसाठी भजी घेतली होती.

आता पुढचं ऐका, कारण ते मला सर्वांत जास्त टोचतं. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी नववी 'ब'चा एकत्रित निकाल बघितला. गणितात छायाला पस्तीस होते. मला तिचे गणितातले खरे आकडे माहीत होते, पेपर तपासताना पाटकर सर शेजारीच बसायचे. तिचे तेहतीस होते. त्यांनी दोन वाढवले होते. गमरे आडनाव वाचून, बुवापाडा वाचून, कुणाला न सांगता. मीटिंगमध्ये नापासांची संख्या सांगून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि हळहळून म्हणाले, "ती गमरे पोरगी कष्टाळू आहे हो. पण तुमच्या विज्ञानात फारच खाली गेली."

मी म्हटलं, "हो ना."

पाटकर सर चांगले होते, असा याचा अर्थ काढायचा असेल तर काढा. मी काढत नाही. त्यांना चांगुलपणा परवडत होता, दोन मार्क देऊन ते रात्री शांत झोपू शकत होते, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं. हे खरं आहे. पण हेही खरं आहे की ज्या माणसाच्या एका वाक्याला घाबरून मी त्या मुलीला खाली ढकललं, त्याच माणसाने तिला वर उचललं होतं. या दोन गोष्टी मी इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघते आहे. एकीने दुसरी खोडली जात नाही.

नववी नापास मुलीला पुन्हा नववीत बसवणारं घर बुवापाड्यात तेव्हा क्वचितच होतं. जूनमध्ये छाया आली नाही. हजेरीपटावर तिचं नाव महिनाभर राहिलं, मग कमी झालं.

सहा-सात वर्षांनी, मी माहेरी कॅम्प पाचला आले होते. भाच्याला जीन्स हवी होती, आणि जीन्स तिथे घरोघर शिवली जायची, म्हणून मी मागच्या गल्लीतून चालले होते. एका शेडमध्ये जीन्स धुऊन फिकट करायचं काम चाललं होतं. तिथून कुणीतरी हाक मारली, "मॅडम! ओळखलं का?"

हात कोपरापर्यंत निळे. अंगाने भरली होती, गळ्यात मंगळसूत्र, पण डोळे तेच. मला टाळता आलं नाही. तिने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. तिचा सिंधी सेठ गल्ल्यावरून म्हणाला, "टीचर है इसकी? बैठो बैठो. पानी का टेस्टिंग यही करती है, इसका हाथ बहुत पक्का है." आणि ती हसत मला पिंपाशी घेऊन गेली. ब्लीचच्या पाण्यात तिने कागदाची पट्टी बुडवली, रंग बघितला, कामावरच्या पोराला ओरडली की अजून पाणी मार, मग मला म्हणाली, "तुमीच शिकवलेलं. बाकीच्यांना समजत नाय, अंदाजाने टाकतात आणि कपडा फाटतो."

मी काहीतरी म्हटलं. छान, असं काहीतरी. मग विचारू नये ते विचारलं — शाळा का सोडलीस?

"सायन्स डोक्यातच जात नव्हतं ना मॅडम," ती म्हणाली. अगदी सहज. "बाबा यायला तयार होते शाळेत. बोलले, एखाद-दुसरा मार्क कमी असेल तर मॅडमच्या पाया पडतो, आपल्याच हायेत. पण एकोणतीस बघितले ना, मग बोलले, बाय, इथं बोलायला तोंड नाय आपल्याला. बरोबर पण होतं त्यांचं. चौतीस असते तर मीच भांडले असते."

चौतीसच होते.

हे दोन शब्द तेव्हा माझ्या तोंडात होते. गल्लीत गर्दी नव्हती, पाटकर सर नव्हते, कुणी कुणी नव्हतं. ती होती आणि मी होते. मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले, घाईने नाही. तिने बशी घेतली, मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, आणि मोठ्याने म्हणाली, "जय भीम, मॅडम." या वेळी मीही मोठ्याने म्हटलं. पण जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. तक्त्यासमोरच्या त्या दुपारी मी घाबरले होते असं म्हणता येईल. या दिवशी कुणाला घाबरले होते?

तिला वाटतं, तिला विज्ञान येत नव्हतं. नववी 'ब'च्या त्या वर्गात ज्या एका मुलीला विज्ञान येत होतं, तिला मी हे पटवून दिलं.

छाया भेटली त्या वर्षीच्या निकालाच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. माझ्या तक्त्यावर आमच्यातला एक मुलगा चौतीसवर होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा आमच्यातला आहे. त्याला मी पस्तीस करते आहे. कुणाला काही म्हणायचंय?" पाटकर सर तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अहो मग करा की. विचारताय कशाला?" कुणी हसलं नाही, पुढचं नाव घेतलं गेलं. त्यानंतर दरवर्षी मी तेच करत आले, आणि दरवर्षी कुणी काही बोललं नाही. म्हणजे ते इतकं सोपं होतं? की बोलणाऱ्यांचं वय झालं होतं? मला माहीत नाही. आणि ती मुलं म्हणजे छायाची भरपाई, असं मी म्हणत नाही. एकीचं तिचं असतं, ते दुसऱ्याला दिल्याने फिटत नाही.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, दोष व्यवस्थेचा. पस्तीसचा, त्या काठाचा, त्या स्टाफरूमचा. मी त्या सगळ्यांना शिव्या घातल्याच आहेत, आणखी घालेन, त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण व्यवस्थेला खोडरबर धरता येत नाही. तो मी धरला होता. आणि वडिलांच्या त्या वाक्यालाही दोष देऊ नका. 'बोट दाखवायला जागा ठेवू नको' म्हणाले ते, 'आपल्या पोरीला ढकलून जागा साफ कर' असं म्हणाले नव्हते.

पेन्सिलीचे ते तक्ते निकाल लागला की फाडून टाकायचे असतात. माझा त्या वर्षीचा मी फाडला नाही. बदलापूरच्या घरात, कपाटात, साड्यांच्या खाली आहे. दाबून लिहायची सवय होती मला, त्यामुळे शिसं गेलं तरी चरा राहिला. कागद उजेडाकडे तिरका धरला की साताच्या डावीकडे एकाच्या आकड्याची रेघ दिसते. मी वर्षातून एकदा तरी बघते. ती पुसट होत नाही.

छाया हे वाचेल की नाही, मला माहीत नाही. वाचलं तर तिने काय म्हणावं, हे मी तिला सुचवणार नाही. नोंद मात्र चुकीची आहे आणि ती माझ्या हातची आहे, म्हणून इथे नीट करून ठेवते.

गमरे छाया. नववी ब. विज्ञान, दुसरं सत्र, प्रात्यक्षिक — वीसपैकी सतरा.